सहा नंबरचं जॅकेट

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

२०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉसची, म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यतींची, लीग झाली, तेव्हा तुमच्यापैकी काही जण नक्की गेला असाल. मातीचे उंचवटे, हवेत झेपावणाऱ्या गाड्या. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो स्पीडवे, तोही मोटरसायकलींचा आणि मातीतलाच, पण त्यात उड्या नाहीत. सपाट अंडाकृती ट्रॅक, त्यावर लाल दगडी चुरा, चार रायडर, चार फेऱ्या, आणि साधारण मिनिटभरात शर्यत खलास. गाडी ५०० सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच. ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर सोडायचं आणि डावा पाय जमिनीला टेकवून गाडी आडवी घसरवत न्यायची. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला गेल्यावर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. आज इतकी वर्षं झाली, तरी शर्यत सुटताना रायडरांसमोरची टेप वर उडते त्या क्षणी हात आपोआप कठड्याकडे जातो.

स्पीडवे हा तिकडे संघाचा खेळ आहे. सात जणांचा संघ, सामन्यात पंधरा हीट, म्हणजे शर्यती, प्रत्येक हीटमध्ये दोघे यजमानांचे आणि दोघे पाहुण्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथा कोरडा. एक ते पाच नंबर म्हणजे मुख्य संघ, सहा आणि सात राखीव. सामन्यातली दुसरी हीट या राखीव पोरांची असते. माझं आजचं सगळं बोलणं या सहा-सात नंबरच्या जॅकेटांभोवतीच फिरणार आहे. परदेशी पोरांना घ्यावं की घेऊ नये यावर ब्रिटनमध्ये दर हिवाळ्यात वाद पेटतो, तो वरच्या पाच जागांचा नसतोच. वाद असतो या खालच्या दोन जागांचा.

आपल्याकडे आयपीएलमध्ये नियम सरळ आहे: अकरा जणांत परदेशी चारच. डोकी मोजायची. ब्रिटिश स्पीडवेत मुख्यतः डोकी मोजत नाहीत, सरासरी मोजतात. रायडरने मिळवलेले गुण भागिले त्याच्या शर्यती, गुणिले चार. वीस शर्यतींत तीस गुण, तर सरासरी सहा. त्यात बोनसही धरतात: आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग आलात आणि प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवलंत, तर एक बोनस. आणि सातही जणांच्या सरासरीची बेरीज एका मर्यादेच्या आत बसवायची. ही मर्यादा क्लब चालवणारी प्रमोटर मंडळी हिवाळ्यातल्या बैठकीत ठरवतात आणि ती वारंवार बदलते. हेतू चांगला आहे. एखाद्या पैसेवाल्या क्लबाने सगळे जगज्जेते गोळा करून ठेवू नयेत, सामने चुरशीचे व्हावेत. कुस्तीत वजनगट असतात, तसं इथे सगळ्या संघाचं वजन काट्यावर ठेवतात म्हणा ना.

आता अडचण कुठे येते? जो पोरगा ब्रिटनमध्ये कधी धावलेलाच नाही, त्याची सरासरी काढणार कशी? मग त्याला एक अंदाजी आकडा देतात. बाहेरून येणाऱ्याला साधारणपणे घरच्या नवख्यापेक्षा वरचा. समजा मर्यादा चाळीस आहे आणि क्लबाच्या सहा जणांची बेरीज झाली ३५.२. उरले ४.८. ऑस्ट्रेलियाच्या पोराला मिळालाय पाच. संपला विषय. ०.२ साठी तो पोरगा घरी बसतो. तो धावतो कसा, हे कुणी पाहिलेलंही नसतं.

असा एक पोरगा मी जवळून पाहिलाय. नाव सांगणार नाही, क्लबाचंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा, सतरा वर्षांचा. आमच्या ओळखीच्या एका घरी खोली भाड्याने घेऊन राहायचा, म्हणून येणं-जाणं झालं. मागच्या अंगणात तो पाण्याचा पाइप घेऊन गाडी धुवत बसलेला असायचा. स्पीडवेची गाडी धुणं हे आपलं स्कूटर पुसणं नव्हे. चुरा ओला असताना चिकटतो आणि वाळला की सिमेंट होतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो चाकाच्या आऱ्या एकेक करून खरवडायचा. उजव्या तळहातावर अंगठ्याखाली फोड, त्यावर पट्टी, पट्टीवर तेलाचा काळा डाग. त्याच्या खोलीत एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आजीचा जन्मदाखला होता, स्कॉटलंडचा. त्या कागदाच्या जोरावर तो ब्रिटनमध्ये होता.

त्याच्या नावापुढे आकडा लागला होता पाच. पहिल्या सहा सामन्यांत वीस शर्यती झाल्या, बोनस धरून गुण तेरा. करा हिशोब: २.६. ट्रॅक नवे, चुरा वेगळा, पाऊस, रात्रीचा गारठा, आणि दर खेपेला नव्या गावाला तीन-चार तासांचा व्हॅनचा प्रवास. सतराव्या वर्षी २.६ वाईट नाही हो. पण कागदावरचा पाच तसाच राहिला, कारण ठरावीक सामने पूर्ण होईपर्यंत अंदाजी आकडा हलत नाही. क्लबाला गुण हवे होते, त्यांनी त्याला सोडला. क्लबावर माझा राग नाही, तेही तिकिटांच्या पैशांवर चालतात. पण पुढे काय झालं बघा. दुसरा क्लब त्याला घेईना, कारण पाचाच्या जागेत २.६चा पोरगा कोण घेईल? आणि शर्यती मिळाल्याशिवाय पाच खाली येईना. आकडा खाली आणायला शर्यती हव्यात आणि शर्यती मिळायला आकडा खाली हवा! ज्यांनी या खेळाचे नियम लिहिले त्यांना ही गाठ दिसत नाही असं मला वाटत नाही. ती सोडवायला कुणी बसत नाही, हे माझं दुःख आहे.

सतराव्या वर्षी पोरगा पहिल्या हंगामात कसा धावतो यावरून काहीही ठरत नाही, याचा दाखला या खेळाच्या इतिहासातच आहे. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. तिथून १९५० साली रॉनी मूर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा लंडनच्या विम्बल्डन संघात आला. टेनिसचं विम्बल्डन नव्हे, तिथून जवळच प्लाउ लेनला स्पीडवेचा ट्रॅक होता. त्याच वर्षी तो जागतिक अंतिम फेरीत धावला. १९५२ साली त्याच गावातून, त्याच संघात, त्याच वयाचा बॅरी ब्रिग्ज आला. आणि १९५७ साली तिसरा, इव्हान मॉगर, तोही सतराचा. मूर दोनदा जगज्जेता झाला, ब्रिग्ज चारदा, मॉगर सहादा. एका गावचे तीन पोरगे, एकच क्लब, बारा जागतिक विजेतेपदं.

पण मॉगरची गोष्ट इथे थांबून ऐकण्यासारखी आहे. पहिल्या खेपेला तो चालला नाही. मुख्य सामना आटोपल्यावर ज्या जादा शर्यती व्हायच्या, त्यांत धावत राहिला, संघात जम बसला नाही आणि तो मायदेशी परतला. बायको बरोबर होती, वय विशीच्या आतलं. पुढे तो १९६३ साली पुन्हा आला, तो थेट वरच्या लीगमध्ये नाही. न्यूकॅसलला, प्रोव्हिन्शियल लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. तिथून चढला. पहिलं विजेतेपद १९६८ला, शेवटचं १९७९ला. त्याला दुसरी संधी मिळाली, कारण तेव्हा खालच्या पायरीवर जागा होती. जॅक यंग हा ऑस्ट्रेलियन तर १९५१ साली जगज्जेता झाला तेव्हा एडिंबराकडून दुसऱ्या श्रेणीतच धावत होता.

मुळात हा खेळ ब्रिटनमध्ये आला तोच बाहेरून. १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीचला पहिली मोठी स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन रायडर येऊन धडकले. त्यांनी इंग्रजांना गाडी घसरवायला शिकवली. दारं बंद करण्याचे प्रयोगही झाले. १९७४ साली स्वीडनहून ये-जा करणाऱ्या रायडरांना ब्रिटिश लीगने बाहेर ठेवलं. ते वारंवार स्वीडनमधल्या सामन्यांना निघून जायचे, ब्रिटनमधले सामने लंगडे व्हायचे. प्रेक्षकांची तक्रार खरी होती. पण ब्रिटनच्या रेडिंग क्लबाकडून धावलेला अँडर्स मिखानेक त्याच वर्षी गोथेनबर्गला जगज्जेता झाला, आणि ब्रिटनच्या लीगमध्ये तेव्हा तो नव्हता. पुढच्या वर्षी परत घेतला.

आता कागदपत्रांबद्दल थोडं सांगतो. २०२० संपेपर्यंत डेन्मार्क-पोलंडची पोरं व्हॅनमध्ये गाडी टाकून यायची, कुणाला विचारायचं काम नसे. ब्रेक्झिटमुळे १ जानेवारी २०२१ पासून ते गेलं. आता क्रीडापटूंचा व्हिसा लागतो, त्यासाठी खेळाच्या नियामक संस्थेची शिफारस लागते, आणि शिफारस मिळते ती आधी काही करून दाखवलेल्याला. अठरा वर्षांच्या पोराने करून कुठे दाखवायचं? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तरुणांना मिळणारा युथ मोबिलिटी व्हिसा आहे, पण त्यावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. उरतो वंशाचा व्हिसा: राष्ट्रकुलाचं नागरिकत्व, वय किमान सतरा, आणि आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमधला. म्हणजे शेजारच्या समुद्रापलीकडचा डॅनिश मुलगा अडतो आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा, आजीचा दाखला असलेला मुलगा आत येतो. दोघांत चांगला कोण धावतो हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

मग घरच्या पोरांचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. टाय वॉफिंडन हा तीनदा जगज्जेता झालेला ब्रिटिश रायडर, जन्म स्कन्थॉर्पचा, पण वाढला ऑस्ट्रेलियात, पर्थला. पंधरा-सोळाव्या वर्षी परत आला आणि २००६ला स्कन्थॉर्पकडूनच तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये धावायला लागला. त्याला घरचा म्हणायचं की बाहेरचा? पासपोर्टने घरचा, ट्रॅकने बाहेरचा. २०२१ मध्ये वरच्या लीगने ‘रायझिंग स्टार’ योजना आणून तरुण ब्रिटिश रायडरसाठी संघात एक जागा राखून ठेवली. हे मला मनापासून पटतं. पोलंडने हेच फार आधी केलं. तिथे प्रत्येक संघात दोन देशी ज्युनिअर लागतातच, २०२१ पासून चोवीस वर्षांखालच्या रायडरचीही जागा ठेवली, आणि आज जगातली सगळ्यात तगडी लीग त्यांची आहे.

पण जागा राखणं वेगळं आणि उरलेल्या जागेवरच्या परक्या पोराच्या पायात खोटा आकडा बांधणं वेगळं. शिवाय जागाच कमी झाल्यात. कॉव्हेंट्री, स्विंडन, पीटरबरो, वुल्व्हरहॅम्प्टन: दहा वर्षांच्या आत हे सगळे ट्रॅक बंद पडले. वुल्व्हरहॅम्प्टनचा मॉनमोर ग्रीन मी २०२३च्या शेवटी पाहिला. म्हातारी माणसं कठड्याजवळचा चुरा खिशात भरून घेत होती. एक ट्रॅक गेला की सात जॅकेटं जातात, आणि पहिली कुणाची जातात ते सांगायला नको.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे आणि लेस्टरला प्रत्येक ओळखीच्या माणसापुढे मी ती मांडतो. एकविशीच्या आतल्या नवख्याचा अंदाजी आकडा, तो कुठल्याही देशाचा असो, पाच-सहा सामन्यांनंतर प्रत्यक्ष गुणांवरून बदला. आणि नियम दर नोव्हेंबरला नव्याने न करता निदान तीन हंगामांसाठी जाहीर करा. प्रमोटर म्हणतात, आम्हाला दरवर्षी परिस्थिती बघून ठरवावं लागतं. खरं आहे, क्लब कडेलोटावर उभे आहेत. पण गाडी, दोन इंजिनं आणि विमानाचं तिकीट यांत आई-वडिलांची बचत घालणाऱ्या घरालाही परिस्थिती बघूनच ठरवावं लागतं.

तो क्वीन्सलँडचा पोरगा ऑगस्टमध्ये परत गेला. जाताना गाडीची चौकट आमच्या गॅरेजमध्ये ठेवून गेला. चेनला तेल लावून, फडक्यात गुंडाळून, वर सहा नंबरचं जॅकेट घडी करून ठेवलंय. मधून मधून त्याचा मेसेज येतो, तिकडे तो जिंकतोय. मागच्या महिन्यात विचारत होता: काका, यंदा माझ्या नावापुढे किती लावतील? मी म्हटलं, नोव्हेंबरची बैठक होऊ दे. तिकीट आत्ता स्वस्त आहे, तेव्हा महाग होईल, असं तो म्हणाला. अजून काढलेलं नाही त्याने.