देवाचा कौल आणि बारा माणसांची शपथ

ऑस्ट्रियातील लाम्बाखच्या मठातील बाराव्या शतकाच्या एका हस्तलिखितात, बांधलेल्या आरोपीला पाण्यात सोडतानाचे चित्र आहे. प्रसंग शिक्षेचा वाटतो खरा, पण प्रत्यक्षात तो चौकशीचा आहे. साक्षीदार नाही, मुद्देमाल सापडलेला नाही आणि आरोपी तर गुन्हा नाकारतो आहे, अशा वेळी मध्ययुगीन युरोपातील न्यायालये देवाचा कौल घेत असत. आरोपी बुडाला तर तो निर्दोष ठरे आणि त्याला वर ओढून घेतले जाई. तो तरंगला, तर पवित्र केलेल्या पाण्याने त्याला नाकारले असे मानून तो दोषी धरला जाई.

तापलेल्या लोखंडाचे दिव्य याहून काटेकोर होते. इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन कायद्यांनुसार चर्चमध्येच निखाऱ्यांवर लोखंड ठेवले जाई आणि प्रार्थनाविधीतील शेवटची प्रार्थना होईपर्यंत ते तिथेच तापत राही. आरोपी ते हातात घेऊन नऊ फूट चाले. मग हाताला पट्टी बांधून तिच्यावर मोहोर केली जाई आणि तिसऱ्या दिवशी ती सोडली जाई. हात भाजणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असे. पाहायचे ते एवढेच, की जखम चिघळली आहे की भरून येते आहे. आता हे ठरवायला शेवटी माणसाचेच डोळे लागत, आणि देवाच्या निवाड्यात माणसाला शिरकाव मिळत होता तो नेमका इथे. मराठी मुलुखातील रवा दिव्यातही उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात असाच पिशवीत घालून मोहोरबंद केला जाई आणि नंतर तपासला जाई.

राजांचा मात्र या कौलावर फारसा भरवसा नव्हता. राजाची हरणे मारल्याचा आरोप असलेले 50 जण लोखंडाच्या दिव्यातून सहीसलामत सुटले, तेव्हा इंग्लंडचा राजा विल्यम रूफस संतापला आणि यापुढे असा निवाडा आपण स्वतःच करू असे त्याने बजावले, अशी नोंद त्याच्या काळातील एडमर या भिक्षूने केली आहे. 1166 साली दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन येथे काढलेल्या फर्मानात हाच अविश्वास कायद्याच्या भाषेत उतरला. प्रत्येक तालुकावजा विभागातील 12 आणि प्रत्येक गावातील 4 भल्या माणसांनी आपल्या भागातील खुनी, दरोडेखोर आणि चोर कोण हे शपथेवर सांगायचे, आणि अशा संशयितांनी पाण्याचे दिव्य करायचे, असे ठरले. दिव्यात हरणाऱ्याचा पाय तोडला जाई. 1176 पासून त्यात उजव्या हाताची भर पडली. पण दिव्यात जिंकूनही ज्याची गावात अपकीर्ती होती, त्याला 8 दिवसांत देश सोडावा लागे. वारा प्रतिकूल असेल तरच मुदत वाढे, आणि पहिला अनुकूल वारा सुटताच गलबतावर चढणे भाग असे. देवाने सोडले तरी गाव सोडत नव्हते.

1215 साली पोप तिसऱ्या इनोसंटने भरवलेल्या लॅटरन या धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्याचे विधी करण्यास मनाई केली आणि पवित्र केलेल्या पाण्या-लोखंडावाचून ही सारी पद्धत कोलमडली. इंग्लंडमध्ये तिच्या जागी काय आणायचे हे कोणीच ठरवलेले नव्हते. 1219 मध्ये, राजा तिसरा हेन्री अवघा 11 वर्षांचा असताना, त्याच्या नावाने फिरत्या न्यायाधीशांना आज्ञा गेली: गंभीर गुन्ह्यांच्या संशयितांना कैदेत ठेवावे, मध्यम गुन्ह्यांच्या संशयितांना देशाबाहेर घालवावे आणि किरकोळ गुन्ह्यांच्या संशयितांकडून जामीन घ्यावा. पुढे न्यायाधीश हळूहळू शपथबद्ध शेजाऱ्यांनाच निवाडा विचारू लागले. आरोप करणारे पुष्कळदा त्यांच्यातच बसलेले असत. अशा माणसांवर हरकत घेण्याचा हक्क आरोपीला कायद्याने मिळाला तो 1352 मध्ये.

शेजाऱ्यांच्या या निवाड्याला आरोपीची संमती लागत असे, कारण देवाची जागा माणसांना देण्याचे धाडस न्यायालयालाही एकदम होत नव्हते. संमती न देणाऱ्यांसाठी 1275 च्या कायद्याने खडतर कैद सांगितली आणि कालांतराने तिचे रूप छातीवर वजने रचण्याइतके क्रूर झाले. तरीही काही जण मुकाट्याने चिरडून मेले, कारण दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई, तर निवाड्यापूर्वीच मेलेल्याची ती वारसांकडे जाई. ही पद्धत इंग्लंडने 1772 साली रद्द केली.