दार आणि तबकडी

[काळा पडदा. सुई रेकॉर्डवर टेकते. खरखर.]

पॅरिस, १९५३. 'व्हिस्की आ गोगो' नावाचा छोटासा नाइटक्लब. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. नाणं टाकलं की गाणं वाजतं, आणि ते संपलं की यंत्र पुढची तबकडी उचलेपर्यंत सगळं चिडीचूप. नेमकं तेव्हाच अंधाऱ्या कोपऱ्यांतल्या जोडप्यांच्या चुंबनांचे आवाज अख्ख्या क्लबला ऐकू येतात. नाचणारे थबकतात. रंगाचा बेरंग.

ही तक्रार होती रेजीन झिल्बरबर्गची. पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांची मुलगी, बालपण युद्धात लपूनछपून काढलेली. या क्लबमध्ये दारू ओतण्यापासून दारावर उभं राहण्यापर्यंत पडेल ते काम ती करायची. तिने ज्यूकबॉक्स हटवला आणि तिथे दोन टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायची यंत्रं, मांडली. एकावरचं गाणं संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू. मध्ये फट म्हणून नाही.

जगातला पहिला डिस्कोथेक माझाच, असं रेजीन पुढे आयुष्यभर सांगत राहिली. हे जरा बेतानंच घ्यायचं. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्येही तळघरांत रेकॉर्ड लावून जॅझ ऐकलं जायचंच. 'डिस्कोथेक' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थही अगदी साधा, तबकड्यांचा संग्रह. पुस्तकांचं ग्रंथालय असतं, तसं.

मला विचाराल तर रेजीनची खरी अक्कल दिसते ती दुसऱ्याच गोष्टीत. काही वर्षांनी तिने स्वतःच्या नावाचा क्लब काढला. सुरुवातीचे दिवस बाहेर पाटी, 'क्लब भरला आहे'. लोक यायचे, आतलं संगीत ऐकायचे आणि हळहळत परत जायचे. आत होतं कोण? कुणीच नाही! हा किस्सा ती स्वतःच मजेत सांगायची. बंद दार पाहून पॅरिसची उत्सुकता ताणली गेली, आणि दार उघडल्यावर बड्या लोकांची रीघ लागली.

[न्यूयॉर्क. रात्र. ओळीने थांबलेल्या लांबलचक मोटारी.]

बंद दाराचं महत्त्व न्यूयॉर्कला शिकवायची गरज नव्हती. स्टॉर्क क्लब, एल मोरोक्को ही तिथली जुनी दिमाखदार ठिकाणं. एल मोरोक्कोतल्या खुर्च्यांवर झेब्र्यासारखे पट्टे होते. पेपरात फोटो आला की मागचे पट्टे पाहूनच वाचकाला कळायचं, स्वारी काल रात्री कुठे होती. पण तिथे वाजायचा ऑर्केस्ट्रा. १९६० च्या शेवटच्या रात्री 'ल क्लब' उघडला आणि पॅरिसची पद्धत इथे आली. आत रेशमी थाट, सभासद निवडक, आणि संगीत मात्र तबकड्यांचं.

पुढच्याच वर्षी पेपरमिंट लाउंज गाजला. खरं तर हा खलाशांचा बार, पण ट्विस्ट नाचायला बडे लोक तिथे रांगा लावू लागले. ट्विस्टमध्ये कुणाचा हात धरावा लागत नाही. कंबर आपली आपण हलवायची. गंमत म्हणून आलेली ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. जोडीदार लागत नसेल, तर कोण कुणासोबत नाचतंय हे ठरवणार कोण?

[जुन्या चर्चचा दर्शनी भाग.]

श्रीमंतांची हौस फार टिकत नाही. साठचं दशक सरता सरता त्यांचं मन दुसरीकडे गेलं, आणि मागे राहिलेलं सामान भलत्याच लोकांच्या हाती आलं. पश्चिम ४३ व्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये 'सँक्चुअरी' नावाचा क्लब होता. वेदीच्या जागी टर्नटेबल, मागे तबकड्या लावणारा डीजे फ्रान्सिस ग्रासो. एका कानाला हेडफोन. खालची चकती फिरतेय, वरची तबकडी त्याने बोटांनी धरून ठेवलीय. ठेका जुळला, की बोट सोडायचं. दोन गाणी एकमेकांत अशी मिसळायची की सांधा सापडू नये. रेजीनने फट बुजवली होती, ग्रासोने रात्रभराचं एकच गाणं केलं.

आणि नाचणारे? समलिंगी तरुण, कृष्णवर्णीय, लॅटिनो. पुरुषांनी पुरुषांसोबत नाचलं तर पोलीस येण्याचा तो काळ. १९७० च्या व्हॅलेंटाइन डेला डेव्हिड मॅन्कुसोने ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत पार्टी दिली. दारू विक्रीला नाही, फुगे भरपूर, स्पीकर अव्वल. 'लॉफ्ट' नावाने ती वर्षानुवर्षं चालली. प्रवेश इथेही आमंत्रितांनाच होता. पण इथलं दार होतं आतल्यांना सुखरूप ठेवायला.

[आरशाचा गोळा. हळूहळू फिरणारा उजेड.]

आपल्याकडे डिस्को म्हटलं की हा गोळा आणि ऐंशीच्या दशकातले चमचमते कपडे आठवतात. गोळा डिस्कोचा नव्हेच. अमेरिकेत त्याचं पेटंट १९१७ चं. असो.

२६ एप्रिल १९७७. न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ ५४ हा क्लब उघडला आणि दारात गर्दी अडवणारा मखमली दोर पुन्हा ताणला गेला. त्याचा एक मालक स्टीव्ह रुबेल स्वतः दारात उभा राहून माणसं वेचायचा. हा आत, तो बाहेर. रेजीनची पाटी, फक्त आता जिवंत.

त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री दोन कृष्णवर्णीय संगीतकार दारात आले. 'शिक' बँडचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स. गायिका ग्रेस जोन्सने त्यांना बोलावलं होतं. यादीत नाव नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. आतमध्ये त्यांचंच संगीत वाजत असेल, तर नवल नको.

दोघं चिडून घरी गेले आणि गिटार, बेस घेऊन बसले. दारवानाला उद्देशून एक शिवी होती, तिचंच धृपद झालं. मग रेडिओसाठी शिवीचा शब्द बदलला आणि 'ल फ्रीक' तयार झालं. १९७८ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

गाण्यात ते सगळ्यांना नाचायला बोलावतात. कुठे? फिफ्टी-फोरमध्ये.

[सुई उचलली जाते.]