हॅचबॅक सोडून लोक उंच गाडीकडे का वळले

मंडळी, शोरूममध्ये ‘एसयूव्ही’ म्हणून चार मीटरच्या आतली जी गाडी दाखवतात, ती बहुतेक वेळा हॅचबॅकच्याच, म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर न आलेल्या छोट्या कारच्या, सांगाड्यावर बांधलेली क्रॉसओव्हर असते. इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना. तरी लोक ती घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. 2024 मध्ये देशात सर्वांत जास्त खपलेली कार अशीच एक, टाटा पंच होती. मारुतीने चार दशकं राखलेला पहिला नंबर तिने घेतला.

कारण रस्त्यावर शोधा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. मारुतीच्या बलेनो या हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.52 मीटर. म्हणजे ती मधोमध आली की चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि पोटाखाली उंचवटा उरतो जेमतेम पाच सेंटिमीटरचा. तिथे घासायचं कारणच नाही. पण सोसायटीच्या दारात नि गावाच्या वेशीवर डांबराचा अरुंद, उभा ढीग घालतात. चाकं त्याच्या अलीकडे-पलीकडे सपाटीवर उतरतात आणि अख्खी उंची पोटाखाली येते. त्यात कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, सहसा रिकाम्या गाडीचा! पाच माणसं बसली, डिकी भरली की मागच्या स्प्रिंगा दबतात, आणि गाडी खाली आदळताना आणखी दबतात. मग सायलेन्सर लागतो.

आता बलेनो आणि तिच्याच सांगाड्यावरची मारुतीची उंच फ्रॉन्क्स शेजारी ठेवा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) तोच, 1.2 लिटरचं इंजिन तेच. क्लिअरन्स 170 वरून 190 मिलिमीटर. या 20 पैकी सुमारे 10 निव्वळ टायरमधून आले: 195/55 आर16 ऐवजी 195/60 आर16 (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत), म्हणजे टायरची भिंत 107 वरून 117 मिलिमीटर. ही जाड भिंत खड्ड्यात रिमही वाचवते. बदल्यात डिकी 318 वरून 308 लिटर, मॅन्युअल गिअरच्या गाडीचं प्रमाणित मायलेज लिटरला 22.35 वरून 21.79 किलोमीटर. हा सौदा मला रास्त वाटतो.

दुसरं कारण गुडघे. सीट कमरेच्या जवळपास उंचीवर असली की माणूस आडवा सरकून बसतो. खाली वाकावं लागत नाही, उतरताना हाताने रेटा द्यावा लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना टेस्ट ड्राइव्हला न्या आणि मागच्या सीटवरून त्यांना दोनदा चढ-उतार करायला लावा.

करही आड येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटीसाठी लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत हवं. उंचीची अट नाही.

उंचीचे तोटे मात्र खरे आहेत. वळणावर गाडी जास्त झुकते. द्रुतगती मार्गावर वारा जास्त अडतो, पेट्रोल जास्त जातं. बॉनेटपुढचं आणि मागच्या काचेखालचं लहान मूल दिसत नाही, म्हणून निदान मागच्या बाजूसाठी रिव्हर्स कॅमेरा हवाच. रोजचा प्रवास चांगल्या डांबरी रस्त्यावर असेल आणि गाडीत दोघंच असतील, तर हॅचबॅकच घ्या. उरलेल्या पैशांत सहा एअरबॅगवालं व्हेरियंट मिळतं का ते आधी बघा.