कार्ट्रिजची किंमत

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, हातमोजे घातलेले हात]

डबीतला बेडका. त्याच्या दुप्पट द्रावण ओतायचं, हलवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. पातळ झालेलं मिश्रण ड्रॉपरनं एकदाच वापरायच्या छोट्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, सोडायचं आणि कार्ट्रिज यंत्रात बसवायची. पुढचं सगळं यंत्र करतं. दोन तासांत दोन उत्तरं मिळतात: टीबी आहे का, आणि असला तर रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देईल का. आपल्याकडच्या टीबी केंद्रांत या तपासणीला सीबीनॅट म्हणतात.

त्याआधी काय होतं? रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि पुढची शंभरहून जास्त वर्षं गरीब देशांचं निदान काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शकावरच चाललं. मिलिलिटरमागे हजारो जंतू असतील तरच ते नजरेला पडणार. एचआयव्ही असलेले रुग्ण आणि लहान मुलं बऱ्याचदा निसटायची. कल्चर लावलं, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिले, तर अहवालाला कित्येक आठवडे लागायचे, आणि तोवर रुग्ण घरात खोकतच असायचा.

[दृश्य: टपाल कार्यालयातला पत्रांचा ढीग]

गंमत अशी, की हे यंत्र टीबीसाठी जन्मलंच नव्हतं. 2001 साली अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू घातलेली पत्रं आली, आणि तिथल्या टपाल खात्यानं हवा तपासायला सेफीड कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं. ते टीबीकडे वळवलं जिनिव्हाच्या फाइंड या ना-नफा संस्थेनं, न्यू जर्सीतल्या संशोधकांना सोबत घेऊन. पैसा अमेरिकी सरकारचा आणि गेट्स फाउंडेशनचा. पण खरी परीक्षा झाली लिमा, बाकू, केप टाऊन, डर्बन आणि मुंबईत. मुंबईतलं केंद्र होतं हिंदुजा रुग्णालय. पाच शहरांतल्या 1,730 संशयित रुग्णांनी बेडका दिला, म्हणून डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या तपासणीला मान्यता दिली.

आता खरा प्रश्न पैशांचा. एका कार्ट्रिजला जवळपास 17 डॉलर पडत होते. 2012 मध्ये अमेरिकी सरकार, युनिटएड ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशननं मिळून कंपनीला पैसे मोजले, तेव्हा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दर 9.98 डॉलरवर आला. तो अकरा वर्षं हलला नाही! 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेनं पाच डॉलरचा हट्ट धरला, मोहीम चालवली. 2023 मध्ये दर उतरला तो 7.97 वर. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की करारावर सह्या आणि हस्तांदोलन डोळ्यांसमोर येतं. टीबीच्या बाबतीत त्यातला मोठा भाग निव्वळ घासाघीस आहे.

[दृश्य: गोव्यातली वेर्णा औद्योगिक वसाहत]

दुसरी अडचण विजेची. तिच्यावरचं उत्तर गोव्यातून आलं. मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे टीबी तपासणीचं यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. त्याची चाचणी भारताबरोबर पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनीतही झाली. 2020 मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली. नायजेरिया, फिलिपिन्स, बांगलादेशात ही यंत्रं पोचली, त्यातली बरीचशी अमेरिकी मदतीतून.

2025 च्या सुरुवातीला ती मदत अचानक थांबली. अनेक देशांत सगळ्यात आधी फटका बसला तो नमुने पोचवण्याच्या व्यवस्थेला. यंत्रं जागेवर होती, पण गावातून बेडक्याची डबी आणणाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेलं नव्हतं.