बम्हस दानं : कोल्हापूरची ब्राह्मी ओळ

[काळ्या दगडावर डावीकडून तिरपा उजेड]

हा शिलालेख वाचण्याच्या आणि त्याचा ठसा घेण्याच्या सरावाचा दगड. काळा बेसाल्ट, अक्षरं आजच्या पाथरवटाने कोरलेली. ओळ मात्र कोल्हापूरचीच आणि दोन हजार वर्षांपलीकडची : 'बम्हस दानं धमगुतेन कारितं'. एकोणिसाव्या शतकात शहरातल्या एका पडक्या स्तूपातून अवशेषांची पेटी निघाली, तिच्यावर ती होती. बम्ह नावाच्या माणसाचं दान, धमगुताने करवलेलं. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी.

[अक्षरं एकेक करून जवळून]

चौकोन दिसतो तो 'ब'. अधिकच्या चिन्हासारखा 'क', टोकदार छपरासारखा 'ग'. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. 'र' नुसती उभी रेघ. काना अक्षराच्या डोक्याशी उजवीकडे निघतो, 'ते'मधली मात्रा डावीकडे, उकार पायाशी. शिरोरेघ नाही. जोडाक्षर खालीवर लिहितात, म्हणून 'म्ह'मध्ये 'ह' खाली शोधायचा. 'धमगुत' म्हणजे 'धम्मगुत्त', पण 'धम्म'मधला दुहेरी 'म' कोरक्याने एकदाच लिहिलाय. तेव्हाची ती सर्रास पद्धत, त्याला चूक समजू नये.

'दानं' या शब्दापाशी थांबायलाच हवं. सांचीच्या कठड्यावरचे छोटे लेख त्याच अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं. स्तूपाच्या कठड्यावर पुन्हा पुन्हा येणारा शब्द दानाचाच असणार, या तर्कातून 'द' आणि 'न' हाती लागले आणि १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली. राजाच्या आज्ञेने नव्हे, साध्या उपासकांच्या दानलेखांनी हे कुलूप उघडलं. कऱ्हाडच्या आगाशिव डोंगरातल्या लेण्यांतही असे दानलेख आहेत.

[ठसा घेण्याची तयारी]

आता ठसा, म्हणजे लेखाची कागदावर उतरवलेली छाप. आधी दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. तारेचा ब्रश, साबण, आम्ल यांतलं काहीही नको. ओल्या दगडावर ओला हातकागद अंथरायचा आणि राठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत जायचं. घाई केली की हवा अडकते, तिथे फुगा राहतो आणि नसलेली मात्रा उमटते. कागद फाटला तर त्यावर ओला तुकडा चढवून पुन्हा ठोकायचं.

मग वाट बघायची. कागदाची चमक गेली पाहिजे, पण तो दगडापासून सुटता कामा नये. फार ओला असेल तर शाई पसरून अक्षराच्या खाचेत उतरते. फार वाळला तर कडा उचलतात आणि ठसा सरकतो. कापडात कापूस बांधलेल्या पुरचुंडीवर शाई घेऊन ती आधी दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची, मगच हलक्या हाताने थापायची. दोन-तीन पातळ थर पुरतात. उंच भाग काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात.

[अनुस्वाराचा ठिपका, अगदी जवळून]

आपल्या बेसाल्टची खोड इथे दिसते. या दगडाला जन्मतः भोकं असतात. 'दानं'वरचा अनुस्वार आणि शेजारचं भोक ठशात सारखंच पांढरं येतं. म्हणून कागद काढल्यावर दगडाकडे परत जायचं, बॅटरी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून धरायची आणि ठिपक्याच्या तळाशी छिन्नीचा माग आहे का ते बघायचं. भोकाचा तळ गुळगुळीत आणि वेडावाकडा असतो. हे न करता लिहिलेलं वाचन आम्ही ग्राह्य धरत नाही.

[ठसा सुटतो]

वाळल्यावर एका कोपऱ्यातून सावकाश काढायचा. मागे पेन्सिलीने ठिकाण, तारीख, लेखाची दिशा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो.

संरक्षित लेण्यात परवानगीशिवाय हे करायचं नाही, तिथे तिरप्या उजेडातला फोटो काढा. आणि अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका : तो निघत नाही, आणि भरणाऱ्याचं चुकीचं वाचन दगडावर कायमचं बसतं.