ही 26 वेगळी

(दृश्य: टायरच्या कडेवरून फिरणारा अंगठा. धूळ पुसली जाते तसे रबरात उठवलेले आकडे दिसू लागतात.)

37-590.

जवळजवळ प्रत्येक सायकलच्या टायरवर असा एक आकडा असतो. मी इतकी वर्षं सायकल चालवते, पण तो कधी वाचला नव्हता. भाचीच्या सायकलचं मागचं टायर गेलं तेव्हा घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की तिची सायकल 26 ची आहे. मोबाइलवर 26 चं टायर शोधलं. फोटो छान होता, दुकानापेक्षा स्वस्त पडत होतं, आणि तिसऱ्या दिवशी खोका दारात आला.

ते टायर काही केल्या रिमवर चढेना. अंगठे लाल झाले. चमच्याची दांडी घालून ओढून पाहिलं. त्या झटापटीत टायरच्या कडेवर ओरखडे उठले आणि विकणाऱ्याने वापरलेला माल म्हणून ते परत घ्यायला नकार दिला.

(दृश्य: पुण्यातल्या एका पेठेतली गल्ली. दुकानाच्या छताला टांगलेली टायरं, उंबऱ्याजवळ पंक्चर बघायची पाण्याची पाटी.)

आम्ही सायकल ढकलत या दुकानात आलो. काकांनी नवं टायर हातात घेतलं, कड पुसली, मग जुन्याची कड पुसली आणि म्हणाले, "ताई, ही 26 वेगळी."

37 ही टायरची रुंदी आणि 590 हा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मुलींच्या साध्या सायकलींना बहुतेक वेळा हे सव्वीस बाय एक तीन अष्टमांशाचं टायर असतं. जाड टायरच्या माउंटन बाइकचंही 26 म्हणूनच विकलं जातं, पण तिथे आकडा असतो 559. मध्ये 31 मिलिमीटरचा फरक. याच्या उलट, 29 चं चाक आणि 700 चं चाक नावाने वेगळी वाटतात, पण दोन्हींचा व्यास 622 च. आजोबांच्या काळ्या सायकलचं 28 म्हणजे 635. सायकलच्या धंद्यातली ही नावं वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या काळात आली आणि तशीच राहिली. तुम्ही ऑनलाइन घ्या नाहीतर दुकानातून, आधी हा आकडा वाचा. माझं टायर वाया गेलं ते न वाचल्यामुळे. खोका उघडायच्या आधी कुणीतरी तो माझ्यासाठी वाचायला हवा होता, आणि ते काम या दुकानात रोज होतं.

(दृश्य: काउंटरवरची स्टीलची पट्टी, तिच्यावर ताणून धरलेली चेन.)

हे बघा. चेन जुनी झाली की नाही, हे काका एका पट्टीवर सांगतात. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसल्या पाहिजेत. शून्यावर एक पिन धरायची आणि तिच्यापुढची चोविसावी कुठे येते ते बघायचं. 12 इंचांच्या पुढे अर्धा सूत गेली, तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत गेली, तर बहुधा चेनबरोबर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्रही जाणार, कारण ताणलेल्या चेनने त्याचे दातेही तसेच झिजवलेले असतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांकडून आणि फिटरांकडून आलेला शब्द. काका म्हणतात, अर्ध्या सुतावर आलात तर एका चेनमध्ये भागेल.

इथे सुटं मिळतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, पाव इंची छर्रे (पोलादी गोळ्या) लागतात, एका बाजूला नऊ. पुढच्याला बारीक, तीन सोळांशाचे, एका बाजूला दहा. यातला एक खराब झाला, तरी तेवढे मोजून कागदाच्या पुडीत मिळतात. चाकाची एक तार तुटली तर एकच तार मिळते, आणि ती रिमच्या मापाला लागते की नाही हे जुन्या तारेशेजारी धरून बघितलं जातं. काळ्या सायकलच्या पुढच्या चाकात 32 तारा, मागच्यात 40. त्यातल्या एकीसाठी अख्खं पाकीट मागवायचं, आणि ते येईपर्यंत चाक आउट, म्हणजे वाकडं, ठेवून सायकल उभी करायची?

(दृश्य: काका चाक फिरवून ब्रेक रबराजवळून रिम बघतात. पाना निपलवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटावर, पाव फेरा.)

आता पैशांचं सांगते. मुख्य गोष्ट तीच आहे.

या दुकानातला एक हिशेब कधी पाटीवर लिहिलेला नव्हता. गिऱ्हाईक चेन घ्यायला आलं की चेनचे पैसे व्हायचे. ती बसवणं, मागचं चाक ओढून सरळ करणं, ब्रेक बघणं, जाता जाता हवा भरणं, याचे वेगळे पैसे कुणी मागायचं नाही. ते पार्टाच्या नफ्यात सुटायचे. मजुरी किमतीत मुरलेली होती.

म्हणून मोबाइलवरची किंमत आणि दुकानातली किंमत शेजारी शेजारी ठेवून आपण जी तुलना करतो, तिथेच चूक होते. एक नुसत्या चेनची किंमत असते, दुसरी बसवून दिलेल्या चेनची. पार्ट बाहेरून आणला की दुकानात उरते फक्त मजुरी, आणि ती द्यायची आपल्याला सवयच नाही. "काका, एवढं बसवून द्या ना, पाच मिनिटांचं काम आहे." हे मीही म्हटलेलं आहे, आणि आज त्याचं वाईट वाटतं. पाच मिनिटांत होतं, कारण कुठला पाना, कुठल्या बाजूला फिरवायचा, हे त्यांना शोधावं लागत नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या भागाची, उजवी वाटीही उलटी सुटते. घरी जोर लावून क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे घालवले, तर पायडलपायी क्रँक बदलावा लागतो.

दुकानांची बाजू अगदी स्वच्छ आहे, असं मी म्हणणार नाही. बिल न देणारे आहेत. पाकीट नसलेला माल "ओरिजिनलच आहे" म्हणून हातात ठेवणारे आहेत. एका दुकानात मी माझ्याच सायकलबद्दल प्रश्न विचारत होते आणि मालक उत्तरं माझ्या भावाला देत होता. त्या दुकानात मी परत गेले नाही. असा अनुभव आलेल्या बाईला मोबाइलवरचं दुकान बरं वाटतं, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला 10 स्पीडची चेन किंवा डिस्क ब्रेकचे पॅड जवळ कुठे मिळायचे? 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची तयारी कुणी छोट्या गावातून करत असेल, तर त्याला पार्सलशिवाय इलाज नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी माल कुठल्या देशात बनला ते दाखवणं बंधनकारक केलं. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, हेही त्यात आहे. माझं टायर परत घेतलं नाही तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

(दृश्य: जुन्या पार्सलच्या खोक्यावरचं विलायतेचं तिकीट.)

काही वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईतले हौशी सायकलवाले पार्ट थेट ब्रिटनहून मागवायचे. चेन रिअॅक्शन सायकल्स हे नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी. कस्टम भरूनही कधी कधी स्वस्त पडायचं, आणि इथे न मिळणारा माल मिळायचा. ती कंपनी सुरू झाली 1985 मध्ये, उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिन्युअर नावाच्या गावातलं एक छोटं सायकल दुकान म्हणून. तिची स्पर्धक विगल, तीही पोर्ट्समथच्या एका सायकल दुकानातून वाढलेली. 2016 मध्ये दोघी एक झाल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये धंदा बुडीत निघून प्रशासकांच्या ताब्यात गेला, शेकडो लोकांची नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी नावं फ्रेझर्स ग्रुप या ब्रिटिश दुकानसाखळीने विकत घेतली.

मला यात आनंद वाटत नाही. त्या गोदामातही छर्रे आणि वाट्या ओळखणारी माणसं होती. पण स्वस्त किमतीच्या भरवशावर गल्लीतलं दुकान बंद पडू द्यायचं आणि मग ती स्वस्त किंमतही नाहीशी व्हायची, हे आपल्याकडेही होऊ शकतं. दुकान बंद झालं की शेल्फवरचा माल कुणीतरी घेऊन जातं. चेन पट्टीवर धरून बघणारा माणूस मात्र मिळत नाही.

(दृश्य: पुन्हा भाचीची सायकल. काका टायर रिमवर चढवतात, नुसत्या अंगठ्यांनी.)

योग्य मापाचं टायर चढायला एक मिनिटही लागलं नाही. थोडी हवा भरून काकांनी चाक फिरवलं. टायरच्या कडेला एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं. एका ठिकाणी दबली होती. हवा सोडली, तिथे दाबून बसवलं, पुन्हा भरली.

टायरचे पैसे देऊन मी विचारलं, "आणि बसवायचे?"

काकांनी हात पुसत मान वर करून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला एक नवी पाटी लागली आहे. पंक्चर, चेन बसवणे, चाक आउट काढणे, टायर बदलणे, प्रत्येकापुढे रक्कम. आणि खाली लाल रंगात एक ओळ: पार्ट तुमचा असला तरी बसवून मिळेल.

भाची तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.