जुना बोल्ट आधी वाचा

[दृश्य: जॅक आणि घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) उचललेली गाडी, चाकं काढलेली. टेबलावर कापड, कापडावर गंजलेला बोल्ट.]

या बोल्टने गाडीच्या मागच्या कमानपाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, एक टोक कित्येक वर्षं धरून ठेवलं होतं. आज तो निघाला. अशा वेळी सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तो भंगाराच्या डब्यात टाकणं. जुन्या गाडीचा पार्ट शोधताना पुस्तकातला नंबर उपयोगी पडतो, पण नंबर बदललेले असतात, आणि मधल्या काळात कुणी गाडीत भलताच बोल्ट घातलेलाही असतो. म्हणून आधी हा बोल्ट वाचायचा.

[दृश्य: वायर ब्रश. मग व्हर्नियर आणि पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी).]

व्हर्नियरवर व्यास आला अर्धा इंच. अर्ध्या इंचाचा बोल्ट सहज मिळेल, पण आटे कुठले? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं, त्यात आट्यांचा कोन ५५ अंश. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र येऊन युनिफाइड आटे मान्य केले. त्यांचा कोन ६० अंश. त्याच अर्ध्या इंचाला जाड आट्यांत १३, बारीक आट्यांत २०.

१२ आट्यांच्या नटात १३ आट्यांचा बोल्ट दोन-तीन फेरे सरळ जातो, मग अडतो. पाना लांब असला की तो आणखी आत रेटता येतो, आणि दोन्हीकडचे आटे खाल्ले जातात. पाव इंचाचं माप त्याहून फसवं. तिथे व्हिटवर्थ आणि युनिफाइड जाड, दोन्हींत २० आटे. नट शेवटपर्यंत बसतो, कोन वेगळा आहे हे हाताला कळतही नाही. म्हणून "बसला ना?" हा प्रश्न सस्पेन्शनच्या कामात पुरत नाही.

[दृश्य: बोल्टचं डोकं, जवळून.]

डोक्यावरच्या खुणा बघा. त्या ताकदीचा दर्जा सांगतात. अमेरिकी पद्धतीत तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे त्याहून मजबूत ग्रेड ८. मेट्रिक बोल्टवर ८.८ असेल, तर त्याची ताणशक्ती साधारण ८०० मेगापास्कल. इथे स्टेनलेस स्टीलचा मोह होतो. चकचकीत, न गंजणारं. पण नेहमी मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा. नंबर प्लेटला खुशाल लावा. चाक धरणाऱ्या जोडाला नको.

आणि आट्यांच्या मागचा हा गुळगुळीत भाग. त्याची लांबी मोजल्याशिवाय नवा बोल्ट मागवू नका. बुशच्या (जोडात बसणाऱ्या रबरी गादीच्या) आतल्या नळीवर आणि ब्रॅकेटच्या भोकावर हाच भाग टेकायला हवा. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट तिथे घातला, तर भोक आट्यांच्या धारांवर घासतं आणि आट्याच्या खाचेतून तडा सुरू होऊ शकतो.

[दृश्य: मॉरिस मायनरचं पुढचं सस्पेन्शन. खालचा ट्रनियन.]

काही पार्ट मात्र मापाने मिळतच नाहीत. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरचा हा खालचा ट्रनियन. चाक जिच्याभोवती वळतं त्या उभ्या स्विव्हल पिनच्या आट्यांवर तो बसतो, आणि स्टिअरिंग वळलं की त्याच आट्यांवर फिरतो. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात. पुरते झिजले की जोड सुटतो, आणि पुढचं चाक दुमडून गाडीखाली जातं. डाव्या बाजूचा पार्ट उजवीकडे चालत नाही. घेताना बाजू नीट सांगा, आणि पिन झिजलेली असेल तर एकटा ट्रनियन बदलू नका. नव्या आट्यांना जुने आटे लवकर खातात.

मायनरच्याच पुढच्या लिव्हर-आर्म शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट निराळी. त्याचा हातच सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचं, म्हणजे चाकाला वरून धरणाऱ्या दांड्याचं, काम करतो. बरेच विक्रेते जुना घेऊन दुरुस्त केलेला देतात. जुनं धूड गमावलं असेल, तर बदल्यात द्यायला काहीच उरत नाही.

[दृश्य: रबरी बुश. अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभागावर भेगा.]

न वापरलेला जुना साठा हाती लागला की आनंद होतो. शॅकल (कमानपाट्याचं टोक गाडीला जोडणारा दुवा), प्लेट, पिन असतील तर तो रास्तच आहे. रबर मात्र डब्यात बसूनही म्हातारं होतं, कडक होतं, भेगाळतं. बुश ताजाच घ्यावा. पॉलियुरेथेनचा टिकाऊ असतो, पण रस्त्याचा खडखडाट जास्त आत आणतो. मला साध्या गाडीत रबरच आवडतं. कमानपाटा आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट काढले की नवेच लावावेत. एकदा ताणून बसलेल्या बोल्टवर पुन्हा तोच विश्वास टाकता येत नाही.

[दृश्य: गाडी घोड्यांवरून खाली येते.]

आता सगळं जागेवर आहे, पण रबरी बुशचे बोल्ट अजून पूर्ण आवळलेले नाहीत. असे बुश फिरत नाहीत, पिळतात. चाकं लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दोनदा दाबून तिला स्वतःच्या उंचीवर बसू द्यायचं. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना. शेवटचा फेरा.